खाडीसमोरचा फ्लॅट: पाण्याचे किती मोजावेत?

माजिवडेकर

मंडळी, सल्ला हवाय. ठाण्यात बाळकुम-कोलशेत पट्ट्यात एका चालू प्रोजेक्टमध्ये दोन फ्लॅट बघून ठेवलेत. टॉवर तोच, मजला तोच, कार्पेट एरियाही जवळपास सारखा. एक खाडीकडे उघडतो, दुसरा आतल्या बाजूला, म्हणजे समोर पोडियमवरची (पार्किंगच्या मजल्यांच्या गच्चीवरची) बाग आणि तिच्यापलीकडे 'बी' टॉवर. किमतीत फरक अठरा लाखांचा. ब्रोशरमध्ये याला 'वॉटरफ्रंट लिव्हिंग' म्हटलंय आणि चित्रात चक्क शिडाच्या होड्या आहेत.

बायको म्हणते, घर एकदाच घेणार तर खाडीचंच घेऊ. वडील म्हणतात, खाडीच्या वासाला पैसे देणारी तुमची पहिलीच पिढी. बिल्डरचं नाव मुद्दाम देत नाही, विचारू नका. ताबा दोन-अडीच वर्षांनी. राहायलाच घेतोय, पण उद्या विकायची वेळ आली तर हे अठरा लाख परत येतील का, हेही डोक्यात आहेच. पाण्यासमोर राहणारे, बांधणारे, विकून मोकळे झालेले, सगळ्यांनी लिहा.

पै_पै_जोडी

आधी अठरा लाख म्हणजे नक्की किती ते बघू. ठाण्यात मुद्रांक शुल्क मेट्रोचा अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे १ लाख २६ हजार. बांधकाम चालू आहे म्हणून जीएसटी ५ टक्के, म्हणजे ९० हजार. झाले २० लाख १६ हजार.

कर्ज ७५ लाखांच्या वर जाणार असेल तर बँक किमतीच्या ७५ टक्केच देते, आणि मुद्रांक शुल्क त्या किमतीत धरत नाही. म्हणजे अठरातले साडेचार लाख तुमचे, त्यात मुद्रांक, जीएसटीही खिशातूनच धरला तर ६ लाख ६६ हजार रोख. उरलेल्या साडेतेरा लाखांवर साडेआठ टक्क्यांनी २० वर्षं महिना ११,७०० च्या आसपास हप्ता. खाडी ही तुम्हाला दर महिन्याला पडणार आहे, एकदाच नाही.

आता शेजारच्या तयार सोसायटीत जाऊन दोन्ही बाजूंच्या फ्लॅटची भाडी विचारा. वॉचमनला विचारा, एजंटला नको. भाडेकरू स्टेशन, शाळा, पाणी आणि पार्किंग बघतो. खाडी आवडते त्यालाही, पण त्यासाठी तो महिना अकरा हजार जास्त देत असेल तर मला जरूर कळवा, मीच दोन फ्लॅट घेतो.

चौपाटीवरची_आजी

मी वरळीला समुद्रासमोर लग्न होऊन आले, आता नातवंडं मोठी झाली. पै_पै यांचा हिशोब बरोबर असेल, पण घर म्हणजे भाड्याचा कागद नव्हे. सकाळचा पहिला चहा समोर पाणी बघत प्यायला मिळतो त्याची किंमत ज्याची त्याने ठरवावी.

मात्र जे ब्रोशरमध्ये नसतं ते सांगते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्या पश्चिमेच्या खिडक्या बंद. पाऊस आडवा येतो, काचेच्या फटीतून आत येतो, आणि कोणतंही रबर चार पावसाळ्यांपुढे टिकत नाही. उरलेले आठ महिने दुपारी तीननंतर सूर्य थेट डोळ्यांत, म्हणून पडदे ओढलेले. म्हणजे समुद्र बघायचा तो सकाळी आणि दिवे लागल्यावर. एसीचं बाहेरचं यंत्र, फ्रिजची मागची जाळी, कपाटाच्या बिजागऱ्या, सगळं मिठाच्या बरणीत ठेवल्यासारखं गंजतं. काचांवर खारट थर बसतो तो निराळाच.

आणि गंमत अशी की समुद्रही हलतो. कोस्टल रोड झाला तसं ब्रीच कँडीपासून वरळीपर्यंत कितीतरी घरांच्या खिडकीसमोर पाण्याऐवजी आधी भराव आला, मग रस्ता. १११ हेक्टर भराव आहे तो. २०२४ च्या मार्चपासून टप्प्याटप्प्याने गाड्या सुरू झाल्या. माझ्या मैत्रिणीला आता लाटांचा आवाज येत नाही, टायरचा येतो. फिरायला मोठी जागा झाली हेही खरं. पण तिच्या घराच्या करारात 'समोर समुद्र राहील' असं कुठे लिहिलं होतं? नव्हतंच.

टी_स्क्वेअर

आजींच्या शेवटच्या वाक्यावर नंतर येतो, आधी दिशेचं. (आर्किटेक्ट आहे, पण या प्रोजेक्टशी संबंध नाही.)

मुंबईत पाणी म्हणजे पश्चिम हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की ठाण्याचे बिल्डरही वरळीचंच डिझाइन उचलतात. तुमच्याकडे खाडी साधारण पूर्व-ईशान्येला आहे. याचे फायदे मोठे आहेत: दुपारचं ऊन नाही, नैऋत्येचा पाऊस थेट तोंडावर नाही, सकाळचा कोवळा प्रकाश. वरळीच्या घरापेक्षा तुमची खाडीची खोली राहायला सोपी.

पण वारा! सगळे समजतात, समोर पाणी म्हणजे भरपूर वारा. आपल्याकडे दुपारचा खारा वारा पश्चिमेकडून, वायव्येकडून येतो. ठाण्यात तो येऊरच्या डोंगरावरून आणि शेकडो टॉवरमधून गाळून येतो, आणि तुमच्या इमारतीच्या पाठीवर आदळतो. खाडीकडची बाजू म्हणजे आडोशाची बाजू. एका मजल्यावर आठ फ्लॅट, मधे बंद लॉबी, आणि तुमच्या सगळ्या खिडक्या एकाच भिंतीला असतील तर वारा आत येणार कुठून? आलाच तर बाहेर जाणार कुठून? हिवाळ्याच्या पहाटे मात्र जमिनीवरचा वारा पूर्वेकडून येतो, आणि ओहोटी असली तर खाडीचा वास घेऊन येतो. वडील त्याबद्दलच बोलत असावेत.

म्हणून फ्लॅटचा नकाशा घ्या आणि एकच गोष्ट बघा: दोन वेगळ्या दिशांना उघडणाऱ्या खिडक्या आहेत का. कोपऱ्याचा फ्लॅट असेल तर अठरा लाखांवर बोलणी करा. मधला असेल तर तुम्ही चित्र विकत घेताय.

दुसरं, छज्जे. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती बघा, २०१८ साली जागतिक वारशाच्या यादीत गेल्या त्या. प्रत्येक खिडकीवर भुवईसारखा सिमेंटचा छज्जा, गोलाई घेत कोपऱ्यापर्यंत गेलेला. ते नुसतं नटणं नव्हतं. पाऊस आणि ऊन दोन्ही काचेपासून दोन हात लांब राहायचे. आजच्या टॉवरला जमिनीपासून छतापर्यंत काच लावतात, छज्जा 'एलिव्हेशन' (दर्शनी भाग) बिघडवतो म्हणून काढतात, आणि मग सोसायटी दर दिवाळीला काचा पुसायला दोरीवरची माणसं बोलावते.

उपाशी_बोका

ब्रोशरमध्ये फ्लेमिंगो आहेत का? असतील तर एक लाख कमी करून मागा. फ्लेमिंगो अभयारण्य ऐरोली-वाशीकडच्या खाडीत आहे, २०१५ ला जाहीर झालं. तुमच्या समोर उल्हासचं पाणी. तिथे बगळे फुकट मिळतात.

माजिवडेकर

बोकोबा, आहेत! पान नऊवर. गुलाबी.

टी_स्क्वेअर, नकाशा काढून बघितला. हॉल आणि एक बेडरूम खाडीकडे, दुसऱ्या बेडरूमची खिडकी बाजूच्या भिंतीत, साधारण उत्तरेला. म्हणजे अर्धा कोपरा म्हणायचा का? आणि हॉलसमोर 'डेक' आहे, तो कार्पेटमध्ये धरलाय की नाही हे तिथल्या मुलीला सांगता आलं नाही.

टी_स्क्वेअर

उत्तरेची खिडकी असेल तर बरंच बरं. फक्त शेजारचा प्लॉट त्या खिडकीपासून किती लांब आणि तिथे काय येणार ते बघा. डेक, बाल्कनी हे रेराच्या (घरखरेदीच्या कायद्याच्या) व्याख्येप्रमाणे कार्पेटमध्ये येत नाहीत. करारात वेगळे लिहिलेले हवेत. किंमत मात्र सगळ्याची मिळून लावतात, म्हणून चौरस फुटाचा दर काढताना दोन्ही पद्धतीने काढा.

कोलशेतचा_नातू

धागा वाचतोय कालपासून, आता राहवत नाही. तुम्ही ज्याला वॉटरफ्रंट म्हणता ते आमचं बंदर. आजोबांची होडी होती. पोरं चिखलात उतरून निवट्या (चिखलातले छोटे मासे) पकडायची, बायका कालवं काढायच्या, चिंबोऱ्या घरच्या घरी. आता कारखान्याचं आणि गटाराचं पाणी खाडीत, त्यामुळे निवटी दिसली तर फोटो काढतात.

तक्रार करायला आलो नाही. जमिनी आमच्याच घरातल्यांनी विकल्या, कोणी जबरदस्ती केली नाही. पण गावातून पाण्यावर जायची जी पायवाट होती तिथे आता तुमच्यासारख्या प्रोजेक्टची कंपाउंड वॉल आहे आणि गेटवर 'रेसिडेंट्स ओन्ली'. महापालिकेने गायमुखला चौपाटी केली, आमच्या बाजूलाही किनारा सुधारला, त्यामुळे संध्याकाळी सगळ्यांनाच बसायला जागा झाली. माझं म्हणणं इतकंच, त्या चौपाटीवर खाडी फुकट आहे.

एक कामाचं सांगतो. उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की नाल्याचं पाणी खाडीत जात नाही, मागे फिरतं. पुनवेला, अवसेला जाऊन बघा. साइटवर बेसमेंट किती आहेत विचारा. पोडियमवर पार्किंग असेल तर चांगलं. जमिनीखाली दोन मजले गाड्या असतील तर पंप चालू ठेवायचा खर्च तुमच्या मेंटेनन्समध्ये, आणि २६ जुलैसारखा पाऊस आला तर गाडी विम्यात.

नकाशावाला

आता मूळ मुद्द्यावर येऊ, जो आजींनी अर्धा सांगितला आणि सगळ्यांनी सोडून दिला. खिडकी आणि पाणी यांच्यामध्ये जी जमीन आहे ती कोणाची, आणि तिच्यावर काय आरक्षण आहे? अठरा लाखांचं उत्तर तिथे आहे, सॅम्पल फ्लॅटमध्ये नाही.

तुमच्या पट्ट्यात एमएमआरडीएचा (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा) बाळकुम ते गायमुख खाडीकिनारा रस्ता आहे. सुमारे १३ किलोमीटर, घोडबंदर रोडला पर्याय म्हणून. रस्ता खाडीच्या कडेने जाणार, म्हणजे कित्येक 'वॉटरफ्रंट' टॉवर आणि पाणी यांच्या मधून. सेल्स ऑफिसच्या मॉडेलमध्ये तो दाखवलाय का? दाखवला असेल तर 'कनेक्टिव्हिटी' म्हणून दाखवला असेल, निळ्या पाण्याच्या अलीकडे जाड राखाडी पट्टा म्हणून नाही. घोडबंदरच्या ट्रॅफिकवर हा रस्ता हवाच, मीही त्याच रांगेत असतो. पण तो आल्यावर तुमचा फ्लॅट हायवेसमोरचा होणार की खाडीसमोरचा, हे मजला आणि अंतर ठरवणार. चौथ्या मजल्याचे आणि चोविसाव्या मजल्याचे पाण्यासाठी वेगळे पैसे असायला हवेत, आणि मजल्यागणिक दर चढतो (फ्लोअर राइज) तसाच हाही चढायला हवा: खालच्या मजल्यांना प्रीमियम शून्य.

दुसरं सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर निर्बंध असलेला पट्टा. २०११ च्या अधिसूचनेत खाडीकाठी १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, जे कमी असेल ते, इतका पट्टा होता. २०१९ च्या अधिसूचनेने तो ५० मीटर केला. म्हणजे कालपर्यंत जी पुढची जमीन मोकळी राहणार असं वाटत होतं तिच्यावर आज बांधकाम होऊ शकतं. कायद्याची रेषा एकदा सरकली ती पुन्हा सरकू शकते. तुमच्या पुढे रिकामा प्लॉट असेल तर तो 'ओपन व्ह्यू' नाही, तो उद्याचा टॉवर आहे.

जॉगिंग_ट्रॅक

आमच्या टॉवरसमोर खाडी आणि आमच्यामध्ये सगळं जंगल माजलंय त्या तिवरांचं. डास, वास, साप. खालच्या सहा मजल्यांना पाणी दिसतच नाही. सोसायटीने मिळून थोडी छाटून घेतली तर सगळ्यांचाच व्ह्यू मोकळा होईल. किमतीही वाढतील. कोणी केलंय का असं?

नकाशावाला

कोणी केलं असेल तर इथे लिहू नये, कारण तो गुन्हा आहे. उच्च न्यायालयाने २००५ साली खारफुटी (म्हणजे हीच तिवरं, कांदळवन) तोडायला बंदी घातली आणि २०१८ च्या निकालात ती कायम केली. खारफुटीभोवती ५० मीटर बफर आहे, त्यातही बांधकाम नाही.

आणि जरा उलट विचार करा. तुमच्या समोर तिवरं आहेत म्हणजे तुमच्या समोर कोणालाही टॉवर बांधता येणार नाही. रस्ता न्यायचा म्हटलं तरी न्यायालयाची परवानगी लागते. इतका खात्रीचा शेजारी या शहरात दुसरा नाही. मी फ्लॅट घेत असतो तर पुढे मोकळा प्लॉट असलेल्या खाडीपेक्षा पुढे कांदळवन असलेली खाडी निवडली असती, आणि दहाव्या मजल्याच्या वर. झाडांच्या शेंड्यांवरून पाणी दिसतं.

कोलशेतचा_नातू

जॉगिंग_ट्रॅक, साप तुमच्याकडे आले नाहीत, तुम्ही त्यांच्याकडे आलात. मासळीची पिल्लं त्या मुळांत वाढतात. थोडी छाटून घेऊ म्हणे.

जॉगिंग_ट्रॅक

अहो, फक्त विचारलं. चिडू नका.

सळई

स्ट्रक्चरल इंजिनिअर. वादात पडत नाही, माझ्या विषयापुरतं लिहितो.

आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात काँक्रीट कुठल्या हवेत उभं राहणार त्याप्रमाणे वर्ग केलेत. किनाऱ्याच्या हवेतलं काँक्रीट 'सिव्हिअर' वर्गात येतं: किमान एम ३० दर्जा आणि सळईवर काँक्रीटचं ४५ मिलिमीटर कव्हर. खाऱ्या जमिनीतल्या पाण्यात असलेला पाया त्याच्याही पुढच्या वर्गात, एम ३५ आणि ५० मिलिमीटर. आता उंच टॉवरला दर्जा याहून जास्तच वापरतात, तेव्हा 'आम्ही एम ५० वापरतो' असं सेल्सवाल्याने सांगितलं तर भारावून जाऊ नका. प्रश्न दर्जाचा नसतो, कव्हरचा असतो. स्लॅब ओतताना सळई खाली बसली, कव्हर ब्लॉक तुटले किंवा लावलेच नाहीत, की ४५ चे २० होतात. मग मिठातलं क्लोराइड सळईपर्यंत पोचायला अर्धा वेळही लागत नाही. गंज चढला की सळई फुगते आणि काँक्रीट फोडते. सगळ्यात आधी बाल्कनीची कड, छज्जा, डेकचा खालचा भाग. म्हणजे ज्या भागासाठी तुम्ही जास्त पैसे दिलेत तोच.

रेलिंग स्टीलचं असेल तर ग्रेड विचारा. ३०४ वर किनाऱ्याच्या हवेत तांबूस डाग येतात, ३१६ लागतं. आणि सांडपाणी मिसळलेल्या खाडीतून हायड्रोजन सल्फाइड येतो, तो तांब्याला खातो. एसीची कॉइल गळते ती मिठानेच असं नाही.

फ्लोरिडात सर्फसाइडला समुद्रकाठची बारा मजली इमारत २४ जून २०२१ च्या रात्री कोसळली, ९८ माणसं गेली. इमारत १९८१ ची. पोहण्याच्या तलावाजवळच्या डेकचं वॉटरप्रूफिंग फेल गेलंय आणि खालच्या स्लॅबचं नुकसान होतंय, हे २०१८ च्या अहवालात सल्लागाराने लिहून दिलं होतं. दुरुस्तीचा खर्च दीड कोटी डॉलरपर्यंत गेला आणि रहिवाशांत वर्गणीवरून वाद चालू राहिले. तपासाचं तांत्रिक कारण काही असो, वर्गणीचा भाग आपल्याकडच्या प्रत्येक सोसायटीला ओळखीचा वाटेल.

आपल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठीची राखीव गंगाजळी) बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधी पाऊण टक्का धरलाय. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट, ३० च्या पुढे तीन वर्षांतून एकदा. पाण्यासमोरच्या इमारतीने हे किमान समजावं. बहुतेक सोसायट्या मेंटेनन्स कमी दिसावा म्हणून नेमके हेच दोन आकडे खाली ठेवतात. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर रेराप्रमाणे बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. पण क्लोराइडचं काम बहुतेकदा पाच वर्षांनंतर दिसायला लागतं. हे त्याला ठाऊक असतं, तुम्हालाही असू दे.

मुठेकाठचा_राघू

पुण्याहून हजेरी. तुम्ही ठाणेकर निदान भरती-ओहोटी पंचांगात बघू शकता. आमच्याकडे नदीला कधी किती पाणी येणार ते खडकवासल्याचे दरवाजे ठरवतात. २५ जुलै २०२४ ला विसर्ग ३५ हजार क्युसेकवर गेला आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत पहाटे पार्किंगमध्ये होड्या फिरल्या. शिडाच्या नव्हे, रबराच्या.

आमच्याकडे निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. निळीच्या आत बांधायचं नाही, निळी आणि लाल यांच्यामध्ये जोतं उंच करून बांधता येतं. म्हणजे तुमचा फ्लॅट कोरडा, पण तुमची लिफ्ट, मीटर, गाडी आणि दूधवाला पाण्यात. रिव्हर व्ह्यूचे पैसे मोजणाऱ्याला एजंट रेषांचा नकाशा कधीच दाखवत नाही. पाटबंधारे खात्याने आखलेल्या असतात, मागून घ्याव्या लागतात.

आता ४४ किलोमीटरचा नदीकाठ सुधार प्रकल्प चालू आहे, बंडगार्डनकडून काम सुरू झालं. त्याच्या जोरावर खराडी-मुंढव्याकडे 'रिव्हरफ्रंट'चे फलक लागले. २०२४ च्या फेब्रुवारीत त्याच बाजूला, केशवनगरकडे, जलपर्णीवरून उठलेला डासांचा खांबच्या खांब आकाशात फिरत होता, व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल. वरच्या मजल्यांनी बाल्कनीची दारं लावून घेतली. नदी आधी शुद्ध व्हायला हवी, काठ नंतर. पण फलक काठाचा लागतो, सांडपाणी प्रकल्पाचा कोण लावणार?

यारा_पार

मेलबर्नहून. इथे जुन्या गोदीच्या जागी डॉकलँड्स नावाचा भाग उभा केला. आम्ही आल्यावर सुरुवातीला तिथेच भाड्याने राहिलो. कागदावर सगळं आहे: पाणी, ट्राम, स्टेडियम, रुंद रस्ते. पण रुंद रस्ते आणि उंच टॉवर यांमधून वारा असा सुटतो की बाल्कनीत खुर्ची टिकत नाही. आणि संध्याकाळी खाली चिटपाखरू नाही, कारण तळमजल्यावर दुकानांऐवजी पार्किंग आणि लॉब्या. पाण्याकाठी माणूस बसतो तो पाण्यासाठी जितका, तितकाच इतर माणसांसाठी.

तिथल्याच लॅक्रॉस नावाच्या इमारतीत २०१४ साली एका बाल्कनीतल्या सिगारेटने आग लागली आणि बाहेरच्या ज्वालाग्राही पॅनेलवरून काही मिनिटांत तेरा मजले वर चढली. सुदैवाने कोणी गेलं नाही. मालकांची नुकसानभरपाईची लढाई वर्षानुवर्षं चालली. 'एलिव्हेशन'ला चकचकीत पॅनेल लावलेलं दिसलं तर ते कशाचं आहे ते विचारा. छज्जा नको म्हणणारे हेच लावतात.

माजिवडेकर

सगळ्यांचे खूप आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. शनिवारी पुन्हा जाऊन आलो, या वेळी प्रश्न लिहून नेले.

रस्त्याचं विचारल्यावर मुलीने मॅनेजरला बोलावलं. ते म्हणाले, रस्ता आमच्या हद्दीबाहेर आहे, त्यामुळे आम्ही दाखवत नाही. टॉवर आणि पाणी यांच्यामध्ये आधी आमचं कंपाउंड, मग थोडी मोकळी जमीन, मग कांदळवनाची पट्टी. मोकळी जमीन कोणाची, यावर 'पाहून सांगतो'. मजला आमचा सतरावा. बेसमेंट एकच आहे, बाकी पार्किंग पोडियमवर. रेलिंग काचेचं, त्याची फ्रेम कशाची ते 'स्पेसिफिकेशन'मध्ये नुसतं 'एसएस' (स्टेनलेस स्टील) लिहिलंय.

कराराचा मसुदा मागून घेतला. त्यात 'खाडी' हा शब्द एकदाही नाही. 'ए विंग, फ्लॅट क्रमांक अमुक' एवढंच. आणि ब्रोशरच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात: चित्रं कलाकाराच्या कल्पनेतली.

नकाशावाला

ब्रोशर जपून ठेवा, ईमेलने आलेलंही. जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून पैसे दिले आणि नुकसान झालं तर रेराच्या कलम १२ खाली भरपाई मागता येते. बारीक अक्षरांनी बिल्डर पूर्ण सुटतोच असं नाही. पण सरकारी रस्ता आला तर तो बिल्डरचा दोष ठरणार नाही, हेही लक्षात ठेवा. त्या मोकळ्या जमिनीचा सर्व्हे नंबर काढा, सातबारा ऑनलाइन मिळतो, आणि विकास आराखड्याचा त्या भागाचा नकाशा महापालिकेतून घ्या. महारेराच्या साइटवर प्रोजेक्टचा मंजूर लेआउटही असतो. त्यात तुमच्या उत्तरेच्या खिडकीसमोर 'फ्यूचर फेज' असं काही लिहिलंय का तेवढं बघा.

पै_पै_जोडी

आणि बोलणी करताना अठरा लाख एकरकमी कमी करा म्हणू नका, ते ऐकत नाहीत. प्रीमियम वेगळा मागा, लेखी. 'व्ह्यूसाठी इतके' असं पत्रात आलं तर उद्या भांडायला कागद राहतो. देणार नाहीत, पण नाही म्हणताना किंमत खाली येते. माझ्या मते रस्ता धरून सतराव्या मजल्याला सात-आठ लाखांपर्यंत ठीक.

चौपाटीवरची_आजी

सात-आठ कशाला, दहा द्या हो. सतरावा मजला, पूर्वेची सकाळ आणि पुढे झाडं. पै_पैंनी कधी पाण्यासमोर चहा घेतलेला दिसत नाही.

माजिवडेकर

फ्यूचर फेज आहे. लेआउटवर तुटक रेघांनी 'सी विंग' दाखवलीय, उत्तरेच्या खिडकीपासून नकाशावर मोजून साधारण अठरा मीटर. म्हणजे दुसऱ्या बेडरूमसमोर भिंत येणार. टी_स्क्वेअर, वाऱ्याचं काय होईल मग?

टी_स्क्वेअर

अठरा मीटरवर वारा पूर्ण अडत नाही, प्रकाश कमी होतो. 'सी' किती मजली आहे त्यावर आहे. ती तुमच्या मजल्याच्या खाली थांबत असेल तर चिंता नको. मंजूर मजले बघा, प्रस्तावित नकोत, आणि दोन्ही आकडे वेगळे असतील तर मोठा आकडा खरा धरा.

उपाशी_बोका

आणि पान नऊवरच्या फ्लेमिंगोंचं काय ठरलं?